ब्रेकमास्तरांची झोप

माझ्या नवऱ्याला सुरीची भीती नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक हसतात, म्हणतात एवढा बाप्या माणूस आणि ऑपरेशनला घाबरतो. पोट कापा म्हटलं असतं तर कापा म्हणाले असते, फक्त मला बघू द्या म्हणाले असते. त्यांना भीती होती ती भुलीची. आपण झोपलेले आणि बाकीचे जागे, ह्या गोष्टीची.

त्यांचा धंदाच तसा. मोटार शिकवण्याच्या शाळेत ते शिकवतात. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला, की शेजारच्यानं तो दाबायचा. सगळा जन्म ह्यांचा उजवा पाय त्या ब्रेकवर गेला, म्हणून सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजतो. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली, की आमच्या टीपॉयला लाथ बसलीच म्हणून समजा. बसमध्ये जागा मिळाली तरी बसणार नाहीत, ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे राहणार आणि पुढचा रस्ता बघणार. चालत्या गाडीत हा माणूस झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. "गाडीत एक तरी जागा पाहिजे," म्हणायचे. तो एक म्हणजे कायम हेच. जगातल्या बाकीच्या ड्रायव्हरांना जसे काही डोळेच दिलेले नाहीत!

तर अशा माणसाच्या पित्ताशयात खडे निघाले. पोटात अशी कळ यायची, की भिंतीला टेकून पांढरेफटक पडायचे. सर्जन म्हणाले, पित्ताशय काढून टाकू, हल्ली फार सोपं झालंय. आणि मग त्या भल्या माणसानं धीर द्यायला म्हणून एक वाक्य टाकलं, "पूर्ण भूल देऊ. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही."

झालं! बाहेर पडल्या पडल्या हे जिन्यात कठडा धरून मला विचारतात, "काही कळणार नाही म्हणजे? मग कळणार कोणाला?"

"डॉक्टरांना कळेल."

"आणि डॉक्टरांचं लक्ष नसलं तर?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा असा.

पहिल्या तारखेला दाखल झालो. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं नर्सनं मला आणि त्यांना, दोघांनाही बजावलं होतं. मी अंघोळीचं सामान काढत होते तेवढ्यात हे गायब. परत आले ते मिशा पुसत. नर्सनं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" तर शाळेतल्या हुशार मुलासारखं उत्तर, "प्यायलं की. चहा. दूध घातलेला. दोन बिस्किटं बुडवून." वर, बिस्किटं कोणती ते सांगायला निघाले होते! ऑपरेशन रद्द. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येईपर्यंत मी रिक्षात तोंड सोडलं होतं, आणि ह्यांचे डोळे रिक्षावाल्याच्या हँडलवर. "बोला की काहीतरी!" मी म्हटलं. तर म्हणाले, "डावीकडून ट्रक येतोय, त्याला दिसला का विचार."

देवाला हात जोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. थोड्याच दिवसांत ताप भरला, थंडी वाजायला लागली, कळ थांबेचना. परत तेच हॉस्पिटल. ह्या वेळी सर्जन हसले नाहीत. म्हणाले, पित्ताशय सुजलंय, औषधानं आत्ता दबेल, पण परत असं झालं आणि आत पू झाला तर जिवावर बेतेल. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालंच पाहिजे. हे सगळं सर्जन माझ्याकडे बघून बोलले. कोणाला सांगायला हवं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

त्याच दिवशी आम्हाला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. लहानखुरी बाई, पायात रबरी चपला, आवाज शांत. वजन विचारलं, दात हलतात का बघितलं. घोरता का म्हणून विचारलं तर हे म्हणाले, छे! मी म्हटलं, बाई, भिंतीपलीकडच्यांना विचारा. बाई हसल्या. मग ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ विचारलं,

"मी झोपल्यावर तुम्ही कुठे असता?"

"तुमच्या डोक्याशी."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. तुमचा श्वास, नाडी, ब्लडप्रेशर, सगळं बघत. इंजेक्शन देऊन निघून जायचं, असं नसतं ते."

"मधेच मला वाटलं की नको, तर?"

"तुम्हाला वाटणार नाही, मास्तर. वाटणारे तुम्ही तेव्हा नसता."

बाईंनी खरं ते सांगितलं, पण ह्यांचा चेहरा असा उतरला, की मलाच कसंतरी झालं. तरी धीर करून शेवटचं विचारलं, "मी उठेन ह्याची गॅरंटी देता?"

"नाही देत," बाई म्हणाल्या. "गॅरंटी देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडून पळून या. पण तुमच्यासारखे कितीतरी लोक मी रोज झोपवते आणि रोज उठवते. तुम्ही एवढंच करा, ह्या दिवसांत नीट झोपा. तुमचं प्रेशर आत्ता फार चढलंय. त्या दिवशी असंच राहिलं तर मला थांबावं लागेल."

नीट झोपा म्हणे! तेवढंच तर होणार नव्हतं. घरी आल्यापासून ह्यांनी नवीनच सुरू केलं. डोळा लागायला लागला, की दचकून उठायचे. आधी वाटलं पोट दुखतंय. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "झोप नेमकी कुठल्या क्षणी लागते ते पकडायचा प्रयत्न करतोय. तो क्षण एकदा सापडला की झालं."

"सापडून काय करणार?"

"तिथं थांबता येतं का बघणार."

मला हसू येईना आणि रडूही येईना. लेक समजावून गेली, "बाबा, तू रोज झोपतोस आणि रोज उठतोस, कळतं का तुला कधी?" तर त्याचा परिणाम उलटाच झाला. आजवर आपण रोज न बघता झोपत होतो, ह्याचीच त्यांना धडकी भरली. पलंग सोडला आणि खुर्चीत बसायला लागले. डोळे लाल. घास हातात घेऊन तसेच बसायचे. एकदा दुपारी मी बाहेरून आले तर खुर्चीत ताठ बसलेले, डोळे उघडे, आणि हाक मारली तरी ओ देईनात. मी खांदा धरून हलवलं. मग हळूच म्हणाले, "आहे गं." तेव्हापासून मीही घाबरले. आतापर्यंत मी चिडत होते, चिडलं की बरं असतं, भीती जरा लांब राहते. आता तेही जमेना. ऑपरेशन नाही केलं तर हा माणूस पित्ताशयानं जाणार, आणि प्रेशर असंच राहिलं तर ऑपरेशन होणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "चल, तुला गाडी शिकवतो."

मी बघतच राहिले. गावभरच्या लोकांना शिकवून झालं, बायकोला कधी शिकवली नव्हती. एकदा सुरुवात केली होती, तर फाटक ओलांडायच्या आत आमचं असं वाजलं, की मी उतरून चालत घरी आले होते.

"आज काय सुचलं हे?"

"मी नसलो तर तुला निदान..."

"नसलो काय नसलो? जीभ आवरा!" मी ओरडले. पण गेले. निदान ती खुर्ची तरी सुटत होती.

शाळेची गाडी घेऊन आम्ही गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. शिकणाऱ्यांना तिथेच नेतात. पत्र्याची पिंपं ठेवलीत, त्यांच्याभोवती फिरायचं. मला स्टिअरिंगवर बसवलं, आणि काय सांगू, माणूस एकदम पहिल्यासारखा झाला. आवाजात जोर आला. क्लच हा, गिअर असा, डावा पाय हळू सोड, हळू म्हणजे हळू, दार आपटतेस तसा नाही! गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. मी म्हटलं, "अहो, थांबवायची कशी ते सांगा आधी."

"थांबवायची घाई काय आहे? आधी चालवायला शीक. थांबवायला मी आहे ना."

हे असंच शिकवतात ते सगळ्यांना. आधी चालवायची, थांबणं मागाहून. पायाखाली ब्रेक असल्यावर काय जातंय!

मी पिंपांभोवती फिरायला लागले. पहिला गिअर, माणूस चालेल एवढा वेग. समोर बघ, ते म्हणाले. स्टिअरिंग आवळू नकोस, ते पळून जात नाही. मग म्हणाले, आता बरोबर. मग काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं, चला, आज पहिल्यांदा माझ्या हातून काही चुकत नाहीये. अर्धा फेरा झाल्यावर बाजूला बघितलं तर हनुवटी छातीवर टेकलेली. झोपले होते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारावी, तर इतक्या दिवसांनी लागलेली झोप मोडणार. न मारावी, तर गाडी थांबवणार कोण? पायाखाली तीन पेडल, त्यातलं कुठलं काय ते भीतीनं सगळं डोक्यातून पुसलं गेलेलं. मी फिरतच राहिले. पिंपांभोवती एक फेरा, परत एक फेरा. घामानं हात घसरायला लागले. तोंडातल्या तोंडात रडत होते, देवाला शिव्या घालत होते आणि नवऱ्यालाही. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई काय गोल गोल फिरतेय खुळ्यासारखी. शेवटी म्हटलं, जे होईल ते होवो. पाय उचलला, मधलं पेडल दाबलं. गाडी आचके देत पुढे गेली आणि बंद पडली. पिंप हातभर लांब राहिलं.

एवढे धक्के बसले, पण ते उठले नाहीत.

मी त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडं, हात मांडीवरून घसरलेला, आणि तो कायमचा ताठ उजवा पाय ब्रेकवरून बाजूला पडलेला. उद्या हा माणूस असाच पडणार, आणि मी तिथं नसणार. इतके दिवस मी त्यांना चिडवत होते, रागावत होते, पण ते कशाला घाबरत होते ते मला त्या क्षणी दिसलं. मी त्यांच्या नाकाशी उलटा हात धरला. ऊब लागली. मग घोरायला लागले, तेव्हा जिवात जीव आला. हललेच नाही मी तिथून. ऊन उतरलं, गोदामातली माणसं सायकली काढून घरी गेली, मी तशीच बसून.

जागे झाले ते धडपडतच. पाय एकदम ब्रेकवर.

"काय झालं? कोण चालवत होतं?"

"मीच की."

"मी होतो ना ब्रेकवर?"

"नव्हतात. घोरत होतात."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. समोर पिंप बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मग थांबली कशी?"

"थांबवली. मी." आणि मग मात्र मला भडभडून आलं. म्हटलं, "परत असं केलंत तर बघा!" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यांची भीती गेली असं म्हणाल, तर नाही गेली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा गाऊन घालताना नाडी बांधता येईना, मी बांधली. एवढंच, की आदल्या रात्री ते पलंगावर झोपले होते. प्रेशर बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं जास्त आहे, पण चालेल. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मला जाऊ दिलं. तिथं त्यांनी माझं मनगट असं धरलं, की वळ उठले.

"तू इथून हलू नकोस."

"मी कुठे जातेय?"

"चहालासुद्धा नाही."

"नाही जात."

"शपथ?"

"अहो, नाही म्हटलं ना!" मी डाफरले, कारण नाहीतर रडले असते. दार लागलं.

मी दारासमोरच्या बाकावर बसले. लेक म्हणाली, आई, खाली जाऊन काहीतरी खाऊन ये. मी नाही गेले. लघवीला लागली होती तरी उठले नाही. भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडे पाठ करून बसले. शपथ पाळायची म्हणून बसले होते असं नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आणि उठले तर काहीतरी होईल असं वाटत होतं. हसायचं तर हसा.

शेवटी सर्जन आले, चांगलं झालं म्हणाले. मग मला आत बोलावलं. लांबूनच ह्यांचा आवाज आला, जिभेला जड, पण जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "थांबा! थांबा हो! मला अजून झोप नाही लागली! मी जागा आहे! कापू नका!"

नर्स हसत होती. "मास्तर, झालं तुमचं ऑपरेशन."

"खोटं बोलताय. आत्ताच तर बाई म्हणाल्या, डोळे मिटा."

मी वाकले, त्यांचा हात धरला आणि हळूच त्यांच्या पोटावरच्या पट्ट्यांवर ठेवला. एक, मग दुसरी. त्यांनी चाचपून बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"मग मधल्या वेळात मी कुठे होतो?" लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी दारात बसले होते. तिथून तरी कुठे गेला नाहीत."