बांबू वाजेपर्यंत

सात वर्षं मी पोहण्याच्या शर्यतींत उतरले आणि सातही वर्षं घाबरले. पदकं बघून लोक म्हणतात, हिला कसली पाण्याची भीती! काय बोलायचं त्यांना.

मी फुलपाड्याची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे तरणतलाव कुठला असायला? शाळेतले खेळाचे सर वसईकडच्या गावातले. त्यांच्या केळीच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे झाडांना पाणी द्यायला जुन्या लोकांनी खणलेलं तळं. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की सर मला त्यात उतरवायचे. पाणी हिरवंगार. डोळे उघडले की चुरचुरायचे, म्हणून मी मिटूनच फ्रीस्टाइल मारायची. काठ जवळ आला की सर पाण्यावर बांबू आपटायचे. थप्प ऐकलं की आणखी दोन हात मारायचे आणि दगडाला टेकायचं. दोन वर्षं असंच चाललं. यात काही चुकतंय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग मुंबईत निवड चाचणी आली. शंभर मीटर, पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला. मला जायचंच होतं. अख्ख्या बिल्डिंगला तसं सांगूनही बसले होते, मूर्खासारखी.

सुरुवात खोल बाजूने होती. उडी मारायच्या ठोकळ्यावर चढून खाली पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. तळ दिसत होता. फरश्या, काळी पट्टी, सगळं लख्ख. बावखलाचा तळ मी जन्मात पाहिला नव्हता. इथे तर गच्चीच्या कठड्यावर उभं करून उडी मार म्हटल्यासारखं झालं. शिट्टी वाजली तशी डोळे मिटून उडी मारली.

उथळ बाजूला जरा धीर आला, डोळे उघडून नीट वळले. पण परतताना तळ खाली खाली जायला लागला आणि मी पुन्हा गच्च मिटले. तेव्हा मी पहिली होते म्हणे. मला काय ठाऊक, मी बांबूची वाट बघत होते. थप्प काही होईना. आता भिंत कपाळात बसते या धास्तीने एक हात पुढे करून चाचपडायला लागले, तेवढ्यात दोघी शेजारून निघून गेल्या. काठ धरून मी ढसाढसा रडले.

सर प्रेक्षकांतून खाली आले. "चूक माझी आहे, बाय. बांबूची सवय मीच लावली तुला."

पुढच्या रविवारी पाहते तर बांबू एका वाकलेल्या केळीला टेकू म्हणून लावलेला. सरांनी पोहायचा चष्मा हातात दिला. "आता काठ तू बघायचा."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटू दे. डोळे मिटायचे नाहीत."

वर्षभराने तोच तलाव, तीच शर्यत. परतताना तळ खाली गेला आणि माझा श्वास चुकला. पण डोळे नाही मिटले. भिंत येताना दिसली आणि शेवटचा हात पूर्ण मारून मी टेकले. दुसरी आले.

चष्मा कपाळावर सरकवून मी प्रेक्षकांत सरांना शोधलं. म्हटलं, बघितलंत ना, कसे उघडे ठेवले ते. सर बाकावर अंग चोरून बसले होते, डोळे गच्च मिटून. शेजारच्या माणसाने हलवून निकाल सांगितला, तेव्हा कुठे त्यांनी ते उघडले.