‘येजो’ म्हणणारे मधुभाऊ

मधुकरराव भोयर यांची आणि माझी ओळख वर्ध्यातल्या आमच्या लहानशा वाहिनीच्या कचेरीत झाली. वन्यप्राण्यांवरचा कार्यक्रम ते सादर करणार होते आणि संहितेची भाषा तपासायचे काम माझ्याकडे होते. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. आईची वऱ्हाडी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवूनच आत जायची मला सवय होती. जिथे जिथे ‘मले’, ‘तुले’ दिसले तिथे मी पेन्सिलीने खुणा केल्या. मधुभाऊंनी त्या सगळ्या नीट वाचल्या आणि म्हणाले, “ताई, तुमचं बरोबरच आहे. पण ज्याले हे सांगाचं आहे, तो शेतात राह्यते.” त्यानंतर त्यांच्या कागदांवर माझी पेन्सिल फारशी चालली नाही.

विहिरीत पडलेली, तारेत अडकलेली जनावरे सोडवून, बरी करून पुन्हा जंगलात सोडणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पिंजऱ्याचे दार उघडले की ते हळूच म्हणत, “येजो.” म्हणजे, पुन्हा ये. निघालेल्याला आपल्याकडे कोणी ‘जा’ म्हणत नाही, तसे. पडद्यावर ती त्यांची ओळखच झाली. नाचणगावची मुले शाळा सुटताना एकमेकांना तसे म्हणू लागली.

मात्र याच शब्दाने एकदा घात केला. अल्लीपूरकडच्या एका गावात विहिरीतून काढलेला बिबट मधुभाऊंनी दूरच्या जंगलात सोडला आणि सवयीने ‘येजो’ म्हणाले. याच बिबट्याने त्या गावच्या वच्छलाबाईंच्या बकऱ्या नेल्या होत्या. कार्यक्रम साऱ्या गावाने पाहिला. यापुढे विहिरीत काहीही पडले तरी कोणाला कळवायचे नाही, असे गावाने ठरवले. खबर आली नाही तर जनावर मरणार, हे मधुभाऊ जाणून होते. वाहिनीने तो शब्द कापून खुलासा दाखवायची तयारी केली. मधुभाऊ म्हणाले, खुलासा टीव्हीला नको, वच्छलाबाईंना हवा.

मीही त्यांच्याबरोबर गेले. वच्छलाबाईंनी आम्हाला खाट दिली, पाणी दिले आणि मग विचारले, “काऊन बापा, माह्या बकऱ्या खाल्ल्या त्यानं, अन् तुमी त्याले येजो म्हनता? पाव्हना हाय का तो?”

मधुभाऊंनी भाषेची सबब सांगितली नाही. चुकलो, एवढेच म्हणाले आणि बकऱ्यांचा कोठा पाहायला उठले. पुढे ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. गावकऱ्यांसोबत त्यांनी कोठ्यांना जाळ्या ठोकल्या, विहिरींना कठडे बांधले. शेवटचा कोठा झाला त्या दिवशी वच्छलाबाई वेशीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “येजो भाऊ. पन एकटाच येजो.” मधुभाऊ इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढच्याच उन्हाळ्यात त्यांना फोन आला तो वच्छलाबाईंचाच. कठडा नसलेल्या एका जुन्या विहिरीत रोही, म्हणजे नीलगाय, पडली होती. उभे पीक फस्त करणारे हे जनावर, तरी बाई म्हणत होत्या, लवकर या, ओरडून राह्यली बिचारी.

माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा मधुभाऊ रोज संध्याकाळी येऊन बसत. आजाराविषयी चकार शब्द काढत नसत. खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर कोण कोण मुक्कामाला आले, तेवढे सांगत. निघताना यजमानांचा हात हातात घेऊन ‘येजो’ म्हणत. यजमान घरी परतले, तेव्हा पहिला फोन त्यांनी मधुभाऊंना केला. “आलो बरं का,” म्हणाले.

मधुभाऊ, आज तुम्ही पंचाहत्तरीत पाऊल ठेवत आहात. तुमचे गुडघे अजून पुष्कळ वर्षे जंगल चालोत, डोळे झाडावरचे पाखरू लांबूनच ओळखोत. मोठ्यांना ‘येजो’ नाही, ‘येजा’ म्हणायचे असते, इतकी वऱ्हाडी मला आता पुन्हा येऊ लागली आहे. तेव्हा दर वाढदिवसाला आमच्याकडे जेवायला येजा. आणि एकटे नाही, वहिनींना घेऊन येजा.