व्हर्लिनच्या हातचा चिमटा

व्हर्लिन डेकरचं नाव निघालं की विंडेलमध्ये कुणीही म्हणायचं, "माणूस सरळ हो!" आयोवातलं आमचं गाव ते केवढं! पण त्या गावाच्या धान्यकोठारावर त्याने चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला आणि एकाही शेतकऱ्याने काट्यावरून त्याच्याशी तोंड वाजवलं नाही. असा माणूस सापडल्यावर कॉलेजच्या फुटबॉलची साखळी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार?

साखळीचं काम दिसायला एवढंसं. मैदानाच्या कडेला दोन काठ्या, मध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. चेंडू छातीशी धरून धावणाऱ्या संघाने चार डावांत तेवढं अंतर कापायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. काठ्या दोघांच्या हातात, चिमटा तिसऱ्याच्या. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते. साखळीची जी कडी त्या रेघेवर येते, त्याच कडीला चिमटा लावायचा. वाद झाला की साखळी मैदानात न्यायची, चिमटा रेघेवर टेकवायचा, साखळी ताणायची आणि चेंडू पुढच्या काठीपर्यंत पोचला का ते बघायचं. सगळं इमान त्या चिमट्यात. आणि तो चिमटा व्हर्लिनकडे.

मागची काठी हार्लन वेस्ट्राकडे असायची. हा व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त, धंद्याने सुतार, जिभेने तिखट. त्याचा मुलगा ट्रेंट आमच्याच संघातून धावायचा, चौतीस नंबरचा. आता साखळीवाल्यांचा नियम असा की टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, तोंडावरची सुरकुती हलवायची नाही. पोटचा पोर चार-चार जणांना लोळवून पुढे जातोय आणि बाप आपला खांबासारखा उभा! फार झालं तर व्हर्लिनच्या बरगडीत कोपर मारायचा. त्या वर्षी व्हर्लिनच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या, खोटं नाही सांगत.

कारण वर्षच तसं होतं. नऊ शनिवार, नऊ विजय. तिसरा सामना चिखलात जिंकला, सहावा शेवटच्या अकरा सेकंदांत. न्हाव्याने आरशावर साबणाने आकडे लिहून ठेवले, ते तो पुसूच देईना. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रार्थनेआधी ट्रेंटच्या घोट्याची चौकशी करायचे. दहावा सामना जिंकला की संघ राष्ट्रीय फेरीत जाणार होता. विंडेलच्या इतिहासात तिथवर कुणी पोचलं नव्हतं.

नोव्हेंबरचा तो शनिवार. थंडी अशी की कॉफी कपातच गार पडत होती. व्हर्लिनने बायकोने विणलेले जाडजूड हातमोजे घातले होते.

"अरे ते मोजे काढ की, म्हाताऱ्या!" हार्लन म्हणाला. "चिमटा लावतोयस की गाईची धार काढतोयस?"

"तू तुझी काठी सांभाळ. बोटं माझी आहेत."

"बोटं तुझी, पण पोरगा माझा आहे!"

दोघं हसले. खेळ सुरू झाला आणि बघता बघता शेवटची दोन मिनिटं उरली. आपण तीन गुणांनी मागे. तिसऱ्या डावात ट्रेंट कडेकडेने धावत सुटला आणि दोघांना घेऊन थेट साखळीवाल्यांच्या अंगावर आला. अशा वेळी काठ्या टाकून मागे सरायचं असतं. सगळे सरले. खेळाडू उठून गेले तेव्हा व्हर्लिनने खाली पाहिलं, तर चिमटा साखळीवर नव्हता. बाजूला गवतात पडला होता. मोज्यांच्या बोटांनी नीट दाबलाच गेला नव्हता तो.

अशा वेळी काय करायचं, हे व्हर्लिनला झोपेतही सांगता आलं असतं. हात वर करायचा, पंचाला हाक मारायची, चिमटा सुटला म्हणून सांगायचं. पण हजारो माणसं ओरडत होती, पंचाची पाठ वळलेली होती, आणि वीस वर्षांत त्याचा चिमटा कधी सुटला नव्हता. त्याने तो उचलला आणि अंदाजाने एका कडीला लावला. हीच कडी असणार. हीच होती. बहुतेक.

चौथ्या डावात ट्रेंट सहा जणांच्या ढिगात घुसला. साखळी मैदानात आली. व्हर्लिनने गुडघा टेकून चिमटा रेघेवर धरला, हार्लनने मागची काठी धरली, साखळी ताणली गेली. पंचाने दोन्ही पंजे वर करून सगळ्या मैदानाला दाखवलं, चार बोटं कमी पडली. एक कडी इकडची तिकडे झाली असती तर पुरून उरली असती. ट्रेंट तिथेच पालथा पडून राहिला. वर्ष तिथेच संपलं.

गाव वाईट नसतं, पण गावाची जीभ फार वाईट. "ट्रेंट, नखं तरी वाढवायचीस की रे!" पेट्रोलपंपावर कुणी म्हणे. "नाक लांब असतं तरी भागलं असतं!" दुकानात कुणी म्हणे. पोरगं हसून घ्यायचं, पण किती दिवस हसणार? उन्हाळ्यात बापाशी कडाक्याचं भांडण करून तो ओरेगॉनला निघून गेला तो गेलाच. नाताळला एक फोन, तेवढंच नातं उरलं. हार्लनची कोटी करायची सवय हळूहळू गेली.

हे सगळं व्हर्लिन रोज बघत होता. रोज म्हणजे रोज, कारण सकाळी सहाला दोघं कॅफेत एकाच टेबलावर कॉफी प्यायचे. दुसऱ्याच वर्षी गुडघ्याचं निमित्त करून त्याने साखळी सोडली. लोकांनी त्याला निरोपाची ढाल दिली, वर "सचोटी" असं कोरून. ती त्याने गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवली. मनात एकच घोकायचा, आज हार्लनला सांगतो. भांडणाचं मूळ त्या चार बोटांतच असणार, सांगितलं की बापलेकांमधला तिढा सुटेल. मग हार्लन साखर ढवळत म्हणायचा, "काय रे, गप्प का?" आणि व्हर्लिन म्हणायचा, "काही नाही, मका यंदा बरा दिसतोय." मका! एकोणीस वर्षं मका! अहो, एवढं एक वाक्य बोलायला माणसाला किती आयुष्य लागतं?

मार्चमध्ये हार्लन गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, भाजलेले बटाटे, बायकांनी आणलेले केक. ट्रेंट आला होता, चाळिशीचा, कानांवर पांढरं आलेलं. व्हर्लिनने हातातली बशी ठेवली आणि त्याला कोटांच्या खुंट्यांपाशी बाजूला घेतलं.

"ट्रेंट, त्या सामन्यात चिमटा सुटला होता. मी अंदाजाने लावला. तू पोचला असशील रे. मी कुणाला बोललो नाही."

"ठाऊक आहे मला, काका," ट्रेंट म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. त्याच संध्याकाळी. त्यांनी चिमटा पडलेला पाहिला होता. त्यांना वाटलं, तुम्ही पंचाला हाक माराल. तेवढ्यात डाव सुरू झाला."

व्हर्लिनने भिंतीला हात लावला. "मग तो बोलला का नाही?"

"त्यावरूनच तर भांडलो आम्ही! मी म्हटलं, गावाला सांगा, माझी थट्टा तरी थांबेल. ते म्हणाले, मी सांगितलं तर व्हर्लिनला गावात तोंड दाखवता यायचं नाही. त्याचं त्यालाच सांगू दे. मी म्हटलं, तुम्हाला मुलापेक्षा मित्र मोठा. आणि निघून गेलो." ट्रेंटने डोळे पुसले. "दर नाताळला विचारायचो, बोलले का काका? ते म्हणायचे, अजून नाही."

"आणि शेवटचं? शेवटचं कधी विचारलंस?"

"गेल्या मंगळवारी. हॉस्पिटलात फोन केला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, अजून नाही बोलला, पण बोलेल. रोज सकाळी येऊन बसतो इथे."