पाटणादेवीच्या गाडीतली टोपी

निवृत्त होऊन आता मला बरीच वर्षं झाली, पण ती घटना आजही आठवली की मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरात येरझाऱ्या घालायला लागतो. बायको म्हणते, "झालं! निघाली तुमची टोपी पुन्हा!"

चाळीसगावला मी पोलीस निरीक्षक होतो. नवरात्र चालू होतं. निम्मी माणसं बंदोबस्ताला, उरलेल्यांवर कामाचा डोंगर. सोमवारी सकाळी हजेरी घेऊन चहा तोंडाला लावतो न लावतो, तोच जळगावहून एक तिशीतली बाई धापा टाकत आली. तिचे वडील आदल्या दिवसापासून बेपत्ता होते.

वडील म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. वय बासष्ट, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. नाद एकच. दर रविवारी पाठीला पिशवी लावायची आणि एस.टी. जिथं नेईल तिथला डोंगर चढून संध्याकाळी घरी यायचं. धुळ्याहून लळिंगचा किल्ला, चाळीसगावहून पाटणादेवीचं जंगल, सगळं लाल गाडीने. मुलगा गाडी घेऊन देत होता, तर म्हणाले, "गाडी घेतली की माणूस गाडीपाशी परत यायला बांधला जातो. एस.टी.ने कसं, इकडून चढा, तिकडून उतरा!" रविवारी सकाळी आठला त्यांनी मुलीला मेसेज टाकला होता: 'चाळीसगाव स्टँडवर आहे. पाटणादेवीला निघालो.' त्यानंतर फोन बंद.

मिसिंग दाखल केली, फोटो सगळीकडे पाठवला. फोटोत सरांच्या डोक्यावर भडक केशरी टोपी. मोबाईलचं शेवटचं लोकेशन चाळीसगाव स्टँडचंच निघालं. आम्ही म्हटलं, पुढे रेंज नाही, म्हणजे गेले जंगलातच. वनरक्षक, गावकरी, माझे आठ जवान, सगळे पाटणादेवीच्या रानात उतरवले.

अकराच्या सुमारास पाटणा रस्त्यावरच्या एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या फोटोतली टोपी माझ्यासमोर चहा पितेय."

काय सांगू, अंगात वीज संचारली! वीस मिनिटांत माणूस ठाण्यात हजर. पन्नाशीचा, बकऱ्या चारणारा, हाडकुळा. टोपीच्या आत पेनाने लिहिलेला सरांच्या मुलीचा नंबर. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

"ही टोपी कुठली?"

"गाडीमा सापडनी, साहेब. काल."

"टोपी सापडली. आणि टोपीखालचं डोकं?"

मी टेबलावर हात आपटला. कुठे गाठलंस? पिशवी कुठे टाकलीस? एकटाच होतास की जोडीला कोणी होतं? दोन तास हेच. त्याचं उत्तर एकच, "गाडीमा सापडनी." पोलिसाला एकच उत्तर पुन्हापुन्हा देणारा माणूस पाठ करून आलेला वाटतो. खरं बोलणाऱ्याकडेही दुसरं उत्तर नसतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. बाहेर बाकावर सरांची मुलगी बसली होती. गोळ्या पिशवीत किती होत्या ते ती बोटांवर मोजत होती, आणि तिच्याकडे बघितलं की माझा आवाज आणखी चढत होता.

जबाब लिहून घ्यायला एक महिला शिपाई बसली होती. पारोळ्याची पोरगी, रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करायची. तिने मध्येच पेन खाली ठेवलं.

"साहेब, मी एक विचारू?" आणि माझ्या होकाराची वाट न बघता त्याच्याकडे वळली. "नाना, गाडीत गर्दी किती होती?"

"पाय ठेवाले जागा नव्हती, ताई."

"मग तुम्हाला बसायला कशी मिळाली?"

"त्या सीटवर टोपी व्हती ना! म्हनीसन कोनीच बसे ना. गाडी गावबाहेर निंघनी तरी कोनी उनं नही. मंग मीच बसनू."

"खिडकीजवळची सीट?"

"खिडकीजवळनीच."

ती ताडकन उठली. "साहेब, टोपी विसरलेली नाही, टाकलेली आहे! सरांनी बाहेरून जागा धरली आणि गर्दीत त्यांना चढताच आलं नाही. माणूस स्टँडवरच राहिला, टोपी एकटीच पाटणादेवीला गेली!"

अहो, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही नोकरी लागेपर्यंत तेच केलं होतं. पण पंचवीस वर्षं सरकारी जीपमध्ये बसून ते डोक्यातून साफ गेलं होतं! आणि शेवटचं लोकेशन स्टँडचंच होतं, तेही मी रेंजवर ढकलून मोकळा झालो होतो. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी धावत बाहेर गेलो. "ताई, गाडी चुकली तर तुमचे वडील काय करतात? घरी येतात?"

"बाबा? छे! पुढची जी लागेल ती गाडी पकडतात. डोंगर कुठलाही चालतो त्यांना."

स्टँडवरच्या नियंत्रकांनी नोंदवही उघडली. पाटणादेवीच्या गाडीनंतर सुटली होती कन्नडची. तिच्या कंडक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "हो, हो! बोडक्या डोक्याचे, हातात काठी असलेले आजोबा. घाटाच्या पायथ्याला उतरले. जुनी पायवाट कुठली, विचारत होते."

घड्याळात तीन वाजले होते. पाटणादेवीची सगळी माणसं वायरलेसवरून घाटाकडे वळवली. सहाला अंधारून येतं. जीपमध्ये बसणार, तोच तो बकरीवाला दारात आला. खरं तर मी त्याला 'जा' म्हणायचंही विसरलो होतो.

"साहेब, ती वाट माले ठाऊक शे. मी येस."

तासभर चढलो. गवत कमरेएवढं, पायाखाली शेवाळ. आम्ही बारा जण हाका मारत होतो. अचानक बकरीवाला ओरडला, "गप ऱ्हावा बठ्ठा!"

सगळे थिजले. पाण्याचा आवाज, पाखरांचा आवाज. मला दुसरं काही ऐकू येईना. त्याने उजवीकडच्या घळीकडे बोट दाखवलं. मग आलं ऐकू. टण्. थांबून पुन्हा टण्. कोणीतरी दगडावर स्टीलचा डबा आपटत होतं.

आम्ही दोर सोडायच्या आत तो माणूस झुडपं धरत खाली पोचलासुद्धा. वर आवाज आला, "शेतस! जित्ता शेतस!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि जवानांसमोर आलं म्हणून मला काडीचीही लाज वाटली नाही. सरांचा पाय मोडला होता, ओठ फुटले होते, ताप चढला होता. झोळी करून वर आणलं तेव्हा माझ्या वर्दीकडे बघून म्हणतात कसे, "उशीर केलात. शेवटची गाडी गेली की हो!"

डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी एक रात्र निघाली नसती.

त्या महिला शिपायाला बक्षीस मिळावं म्हणून मी शिफारस केली, तिला ते मिळालंही. तिने कुठली मोठी युक्ती लढवली नव्हती. लोक रोज जसे जगतात, जसा प्रवास करतात, तसं ती जगत होती आणि त्यातूनच तिने विचारलं. तपास म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच असतं. साहेब झाल्यावर पहिलं तेच सुटतं.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच. परतताना बकरीवाला जीपमध्ये माझ्या शेजारी बसला होता. मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं. त्या ताईने विचारलं नसतं तर काय केलं असतं तुम्ही?"

तो सहज म्हणाला, "काय करतू, साहेब? आखो एक तास बसाडतात तर मी 'हां' म्हनी देतू."

त्याने 'हां' म्हटलं असतं, तर मी कबुली लिहून घेतली असती आणि घाटाकडे कोणीच गेलं नसतं.