भाचीच्या रक्तातलं वाय गुणसूत्र

माझी भाची लॅबमध्ये गुणसूत्रं तपासते. नवं रसायन आलं की आधी स्वतःच्याच रक्तावर करून बघायचं, ही तिथल्या पोरींची जुनी खोड. आज तेच केलं, आणि बाईसाहेबांना स्वतःच्या रक्तात वाय गुणसूत्र दिसलं. पुरुषांत असतं ते!

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आली, चेहरा एवढासा झालेला.

"मावशी, तीनदा तपासलं. माझंच आहे. मला गर्भाशय नाही हे सोळाव्या वर्षीच कळलं होतं, त्याचं कारण आज कळलं."

"मला समजेल असं सांग गं."

"आईच्या पोटात असताना माझ्या शरीरानं पुरुषी हार्मोन बनवलं. पण त्याचा निरोप ऐकायला पेशींत रिसेप्टर लागतात. माझे चालतच नाहीत. म्हणून, गर्भाशय दुसऱ्या एका हार्मोननं रोखलं तरी, बाहेरून मुलगीच घडले."

"म्हणजे हार्मोन ओरडून दमलं आणि तू ढिम्म! जन्माआधीपासून कुणाचं ऐकत नाहीस."

ती हसली, मग रडायलाच लागली. "गर्भाशयाचं नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. पण आता हे ऐकून तो 'फसवलंस' म्हणाला, तर?"

मी गॅस बंद करून तिच्यासमोर बसले.

"फसवायला आधी माहीत असावं लागतं, बाळा. तुला आज कळलंय. लपवलंस, तर मात्र उद्यापासून ती फसवणूक."

तिनं बाहीला नाक पुसलं आणि फोन लावला. "अरे, मावशीकडेच जेवायला ये. बोलायचंय."

मी तिसरं ताट काढलं.

"आणि मावशी, तू मध्ये बोलायचं नाहीस."

बघते, जमतंय का.