मारिनुसने न वाचलेली ओळ

याकोमिनाच्या घरी दुपारचं जेवण आटोपलं की उष्ट्या बशा तशाच ठेवून बायबलचा एक अध्याय वाचायचा, हा तिच्या आईपासूनचा नेम. नेदरलँड्समधल्या झेलंडच्या त्या समुद्र-बांधाखालच्या गावात घरोघरी पुरुष वाचतात. इथे मात्र लग्नापासून तीच वाचायची, कारण तिचा नवरा मारिनुस अडखळत वाचे आणि त्याला त्याची लाज वाटे. तिचा उजवा डोळा साखरेच्या आजाराने कधीच नेला होता. दोन वर्षांपूर्वी डाव्यात मोतीबिंदू पिकला आणि पुस्तक मारिनुसकडे गेलं.

शस्त्रक्रियेबद्दलचं इस्पितळाचं पत्रही त्यानेच वाचलं, बटाट्यांच्या भांड्याला टेकवून. तारीख, वेळ, इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं.

"बस, एवढंच," म्हणाला आणि घडी घातली.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली त्या सकाळी तिला समोरच्या छपरावरची कौलं मोजता आली.

"मारिनुस, तुझ्या कानात केवढे केस झालेत रे."

"दिसायला लागलं नाही, तोच टोमणे सुरू."

तीन आठवडे ती स्वतः वाचत होती, स्तोत्रामागून स्तोत्र. चौथ्या आठवड्यात ओळीच्या मधली अक्षरं विरघळू लागली.

"डोळा रुळतोय अजून," मारिनुस म्हणाला. "जरा धीर धर."

तिने धीर धरला, प्रार्थनेतही तेवढाच मागितला. तपासणीची तारीख येईपर्यंत आणखी पाच आठवडे गेले.

नर्सने डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "अंधुक झाल्याबरोबर का नाही आलात, बाई? पत्रात स्पष्ट लिहिलं होतं." तिने प्रत काढून वाचली. मधुमेहामुळे पडद्याला आधीच थोडी सूज आहे. मोतीबिंदू काढल्यावर ती वाढू शकते. नजर अंधुक होताच त्याच दिवशी कळवावे. "आता डोळ्यात इंजेक्शनं देऊन सूज उतरवू. पण वाचता येईल, असा शब्द नाही देता येणार."

गाडीत बसल्यावर याकोमिना त्याच्याकडे वळली.

"तू ती ओळ गाळलीस."

"वाचली असती तर तू शस्त्रक्रियेला तयारच झाली नसतीस. घाबरली असतीस."

"मग घाबरले असते. डोळा माझा होता." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि नंतर? अक्षरं जाताहेत म्हणून रोज सांगत होते तेव्हा?"

मारिनुसने गाडीचा वेग कमी केला. "तेव्हा सांगायचं, तर आधीचंही सांगावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. त्याने पुस्तक घेतलं, खूण ठेवलेलं पान उघडलं.

"ते राहू दे. गणनेचं पुस्तक काढ," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"ते तर मागच्या हिवाळ्यात झालं."

"छत्तीस अध्याय आहेत त्यात. रोज एक. तुझे तीन आठवड्यांत संपले. मी म्हटलं, मीच दिवस मोजायला चुकले असेन."

त्याचे कान लाल झाले असतील. तिला दिसले नाहीत. मग त्याने पानं मागे उलटली आणि वाचायला लागला: वंशांची नावं, बापांची नावं, प्रत्येक नावाला अडखळत, परत मागे येत.

वचन ऐकताना डोळे मिटायची तिची लहानपणापासूनची सवय. आज तिने मिटले नाहीत. जिथे त्याचे ओठ असायला हवेत तिथे राखाडी डाग होता. अध्याय संपेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत बसली.