बोटीवरचं माहेरपण

आमच्या सौंसरात समुद्राशी कुणाचं काही देणंघेणं नाही. इथली माणसं संत्र्याच्या बागेत नाहीतर कपाशीच्या वावरात जन्म काढतात आणि पाणी बघायची हौस आलीच तर पावसाळ्यात कन्हान नदीच्या पुलावर जाऊन उभी राहतात. अशा गावात मी मुंबईहून सुटणाऱ्या त्या भल्यामोठ्या क्रूझवर चारदा जाऊन आलेली बाई आहे. पहिल्या तीन वेळा फुकट. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलं की कंपनी दुकानदारांना जोडीनं टूरवर नेते, आणि आमच्या कंपनीच्या साहेबांना त्या बोटीचं काय वेड होतं कोण जाणे, दरवेळी तीच.

शेजारीण मला नेहमी टोकायची, "तेच तेच पाणी पाहाले कायले जाता व बाई? एकदा पाह्यलं ना!"

मी म्हणायची, "अगं, माझं सोनेरी कार्ड झालंय आता."

हे मी अशा थाटात म्हणायची, जसं काही बोटीत माझा हिस्साच निघाला. बोटीवर वारंवार येणाऱ्यांना ते लोक कार्ड देतात. पहिल्यांदा निळं, मग चंदेरी, मग सोनेरी. त्यावर मिळतं काय म्हणाल, तर खोलीत फळांची टोपली. तिच्यात दोन सफरचंदं आणि परदेशी शिक्का चिकटवलेलं एक संत्रं, ज्याच्याहून आमच्या बागेत झाडाखाली पडलेलं बरं असतं. कपडे धुलाईत सूट, पण तीन दिवसांच्या फिरतीत कपडे धुवायला टाकतो कोण? एक टोपी, जी मी एकदाही घातली नाही. जेवायला खिडकीजवळचं टेबल. चढताना वेगळी रांग आणि ती रांग जिथे संपते तिथे बसायला गार खोली.

नवरा म्हणायचा, "यातलं एकही नसलं तरी काय बिघडतं?" त्याचं काही बिघडत नव्हतं. माझं बिघडलं असतं. कारण त्या वेगळ्या रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी असायची. ती कार्ड बघायची, माझं नाव घ्यायची आणि म्हणायची, "आप फिर आईं, बहुत अच्छा लगा." मग हातात थंड ओला रुमाल द्यायची, पाठोपाठ सरबत. ती कार्डावर बघूनच नाव घेते हे मला दिसत होतं. तरी मला ते ऐकायचं असायचं. घरी परतल्यावर महिनाभर तेच कानात घुमायचं.

माहेर माझं पांढुर्ण्याचं. सौंसरहून सकाळी बसनं गेलं तर संध्याकाळी परत येता येतं, पण माहेरी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांतली मी नव्हेच. उन्हाळ्यात आठवडा, दिवाळीत भाऊबीज धरून चार दिवस, हा माझा हक्क. दारात पाय ठेवला की भावजय तांब्याभर पाणी घेऊन यायची, पायावर घालायची. पिशवी हातातून काढून घ्यायची. मागच्या अंगणाकडची हवेशीर खोली माझी, आंघोळीचं पहिलं पाणी माझं, पहिलं पान माझं. आई गेल्यावर बायकांची माहेरं संपतात म्हणतात. माझं संपलं नाही, उलट अधिकच साजरं झालं, आणि याचं सगळं श्रेय मी भावाच्या मायेला देत आले होते. माझा धाकटा भाऊ आहेच तसा. तोंडातून कधी ब्र काढणार नाही.

मग दोन दिवाळ्यांपूर्वी भावजयीचा फोन आला. "ताई, यंदा भाऊबीजेले मी माह्या भावाकडे जाऊन राहिली, रामाकोन्याले. तुमचे भाऊ येतील तुमच्याकडे सौंसरले, चालन ना?"

चालेल, असं मी म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर दिवसभर धुसफुसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी दिवाळी हुकली होती. भाऊ आला, मी ओवाळलं, तो जेवला आणि चारच्या बसनं गेला. मला वाटलं, संपलं. आता आई नाही म्हणताना हिनं हळूहळू दार लोटायला सुरुवात केली. पुढचा उन्हाळा लग्नसराईत गेला, त्यानंतरची दिवाळीही तशीच गेली आणि तिकडून 'या' म्हणून निरोप आला नाही. मीही हट्टानं विचारलं नाही. पण आतून धसका घेतला होता. पांढुर्ण्याचं ते दार बंद झालं तर या वयात मला पुढे होऊन घ्यायला येणारं जगात दुसरं कोण होतं? ती बोटीवरची मुलगी?

तेव्हा मी घाट घातला. भाऊ आणि भावजयीला आपल्या खर्चानं बोटीवर न्यायचं. ती खूश होईल, जुनं सुरळीत होईल. आणि आणखी एक, जे मी नवऱ्याला सांगितलं नाही तरी त्याला कळलं. तो म्हणाला, "त्यांना फिरवायचंय का तुला मिरवायचंय?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मुंबईच्या बंदरावर पोचलो तर साध्या रांगेचं शेपूट पार दरवाजाबाहेर गेलेलं. कार्डावर फक्त एक सोबती आत नेता येतो, हे मला माहीत होतं, पण 'तिथे बोलू काहीतरी' असं मनात धरून आले होते. मुलगी गोड हसून नाही म्हणाली. नवरा लगेच म्हणाला, "मी थांबतो यांच्यासोबत, तू भावजयीला ने." भावजय म्हणाली, "नाई नाई, तुमी दोघंच जा ना. आमाले सवय आहे." खरं तर तिला आग्रह करायला दोन मिनिटं पुरली असती. मी तो केला नाही. भावजयीच्या देखत माझं नाव घेतलं जावं, तिनं लांबून पाहावं, हे मला हवं होतं. मी आत गेले आणि वळून हात केला. नवरा थोडा वेळ घुटमळला आणि साध्या रांगेत जाऊन उभा राहिला.

गार खोलीत मी एकटी बसले. सरबत प्यायले. छोटे छोटे सँडविच होते, ते खाल्ले. मग जरा अपराधी वाटलं म्हणून भावजयीसाठी चार बिस्किटं कागदी रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. ती वर आली तेव्हा दुपार टळून गेली होती आणि तिचे पाय चपलेच्या पट्ट्यांभोवती सुजले होते. मी बिस्किटं तिच्या हातावर ठेवली. तिनं रुमाल उलगडून पाहिला, म्हणाली, "माह्यासाठी ठेवले का? बरं केलं ताई," आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कार्डवाल्यांचा सत्कार असतो. त्याला मात्र मी तिला सोबत नेलं. छान खुर्च्या, पांढऱ्या कपड्यातले अधिकारी, हातात माइक घेतलेला एक बोलघेवडा मुलगा. जास्त वेळा आलेल्यांना तो वर बोलावत होता. माझं नाव आलं. मी पदर सारखा केला आणि वर गेले. त्यानं विचारलं, "मॅडम, बार-बार हमारे ही यहाँ क्यों आती हैं?"

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "भैया, यहाँ मायके जैसा लगता है."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. तो मुलगा, "मायके जैसा! सुना आपने?" असं ओरडला आणि अधिकाऱ्यानं मला फुलं दिली. खाली पाहिलं तर भावजयही टाळ्या वाजवत होती. मला आभाळ ठेंगणं झालं.

नंतर आम्ही दोघी वर डेकवर जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं. एक मुलगा भिजलेले टॉवेल गोळा करत होता, दुसरा त्याच्या मागून खुर्च्या पुसत होता. भावजय त्यांच्याकडेच पाहत होती. म्हणाली, "ताई, याईले पगार चांगला भेटत असन, नाई?"

"असेल की."

"भेटाले पाह्यजे. दिवसभर हासून राहिले बिचारे." मग म्हणाली, "एक सांगू? राग नका मानजा."

मी म्हटलं, सांग.

"त्या दिवाळीले मी रामाकोन्याले गेली होती ना. भाऊ लय वर्षांपासून म्हणून राहिला होता. वहिनीनं पायावर पाणी टाकलं, आपला पलंग मले देला. मले असं बरं वाटलं ताई, काय सांगू! सकाळी पाणी प्याले उठली, तं वहिनी सैपाकघरात फरशीवर. नातीले कुशीत घेऊन. पोरीच्या अंगाले हात लावला, तं अंग भट्टीसारखं. म्हटलं, काहून नाई सांगतलं वहिनी? तं म्हणे, 'एवढ्या वर्षांनी आल्या तुमी बाई, तुमाले काय तरास द्यायचा?' अन् तशीच उठून पुरण वाटाले बसली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले इतकी लाज वाटली ताई. वाटलं, आपण काहून आलो इथं? ओवाळलं अन् दुपारच्याच बसनं निंगाली. तवापासून नाई गेली."

मी मोठेपणानं म्हणाले, "पण तिनं तुला सांगायला पाहिजे होतं ना! माणसानं सांगावं."

"कसं सांगन ताई?" ती सहज म्हणाली. "मी कधी तुमाले सांगतलं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी भांडले असते, मला भांडता चांगलं येतं. बोलून गेल्यावर तिच्याच ते लक्षात आलं आणि ती घाबरून म्हणाली, "तुमाले म्हणून नाई म्हटलं, माहंच सांगून राहिली मी."

पण मला आता थांबवेना. मी विचारलं, "मी यायचे तेव्हा तुम्ही कुठे झोपायचा?"

"सैपाकघरात. कुठं झोपन?"

"आणि कूलर?"

"कूलर एकच होता ना ताई. तुमच्या खोलीत असे. जाऊ द्या आता, पोरं मोठे झाले." आणि मग हसून, "धाकट्याले तं दर उन्हाळ्यात घामोळ्या. तुमी म्हणत होत्या, याले मुलतानी माती लावत जा."

म्हणाले होते. मला आठवलं. कूलरसमोर बसून, पाय लांब करून, त्या लालेलाल पोराला समोर उभं करून मी त्याच्या आईला घामोळ्यांवरचा उपाय सांगितला होता. हातात सत्काराची फुलं होती, ती कुठे ठेवावी कळेना. जे सगळं मी भावाची माया म्हणून मिरवलं, ते एका बाईच्या पाठीवरून येत होतं आणि तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही म्हणून मी त्याला माझा मान समजत होते. आणि वर मीच रुसले होते. मला लाज वाटली, हे असं सांगितलं तर फार थोडं होतं. त्या दिवशी जेवताना मी खिडकीकडे बघतच नव्हते.

उतरायच्या दिवशी कार्डवाल्यांना आधी सोडतात. मी साध्या रांगेत सगळ्यांबरोबर राहिले. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, उतरायची रांग भराभर सरकते.

नागपूरहून गाडी केली. आधी पांढुर्णा, भाऊ-भावजयीला सोडायचं आणि पुढे सौंसर. दारात गाडी थांबली. भावजयीनं कुलूप उघडलं, पिशवी टेकवली आणि तशीच माठातलं शिळं पाणी ओतून टाकून ताजं भरायला लागली. रात्रभर रेल्वेत तिचा डोळा लागला नव्हता, मी पाहिलं होतं. मी तिला हाताला धरून पलंगावर बसवलं. म्हटलं, "आज चहा मी करते. तू उठायचं नाहीस."

स्वयंपाकघरात शिरले. पातेलं समोर पालथं होतं, ते सापडलं. मग साखर शोधायला लागले. एक डबा उघडला, त्यात डाळ. दुसऱ्यात मुरमुरे. वरच्या फळीवर हात घातला, खालची कपाटं उघडली. चहापत्ती कुठे, आलं कुठे, गॅसचा लायटर कुठे. या घरात मी जन्मले, लग्नानंतर वर्षातून दोनदा मुक्काम केला आणि मला साखर कुठे ठेवतात ते ठाऊक नव्हतं. डब्यांचे आवाज बाहेर जात असणार. भावजय दारात आली. माझ्या मागून हात घालून तिनं साखर काढली, चहापत्ती काढली, आणि मला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं.

"बसा ताई तुमी."

मी बसले. बाहेर नवरा आणि भाऊ गाडीवाल्याशी बोलत होते. ती आलं ठेचत होती, पाठ माझ्याकडे. चहाचा पहिला कप तिनं माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ताई, यंदा भाऊबीजेले येता ना?"

दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. "येते ना," मी म्हणाले, तिचं वाक्य संपायच्या आत. मला खरंच आनंद झाला होता. आणि ती रामाकोन्याला कधी जाणार, हा प्रश्न माझ्या तोंडातून निघालाच नाही.